ब्लिंक-१८२ वर लिहिताना ड्रमरला का विसरता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ब्लिंक-१८२ या अमेरिकन बँडवर अर्धं पान लेख आला, बघून आधी खूप आनंद झाला कारण मराठी पेपरात पॉप पंकला, म्हणजे गुणगुणता येणाऱ्या चालींच्या वेगवान पंक रॉकला, एवढी जागा सहसा कोणी देत नाही, मी तर चहा तसाच ठेवून वाचायला बसलो. पण वाचून संपला तेव्हा मन खट्टू झालं होतं आणि म्हणून हे पत्र लिहितोय. जरा लांब होईल, कापावं लागलं तर खुशाल कापा, फक्त ड्रम्सचा भाग ठेवा ही विनंती.

लेखाचा एकूण सूर असा की या बँडचा आवाज बदलला तो गिटारिस्ट आणि गायक टॉम डिलाँज दोनदा सोडून गेला आणि दोनदा परत आला म्हणून, आणि बाकी काय तर वय वाढलं, पैसा आला, पोरं मोठी झाली. ड्रमर ट्रॅव्हिस बार्करचं नाव अख्ख्या लेखात एकदाच आलंय आणि ते पण विमान अपघाताच्या ओळीत. तो वाजवतो काय, कसा वाजवतो, याबद्दल एक शब्द नाही! मी स्वतः ड्रम्स वाजवतो, थोडंफार शिकवतो पण, आणि हा बँड मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकलाय की आता मला त्यात आधी ड्रम्सच ऐकू येतात. मला मनापासून असं वाटतं की या बँडचा आवाज जेव्हा जेव्हा बदललाय तेव्हा तो आधी ड्रमसेटवर बदललाय, गिटार आणि गाणं त्याच्या मागून आलंय. गायकाचं नाव पोस्टरवर आणि तबलजीचं नाव खाली बारीक अक्षरात हे आपल्याकडे जुनंच आहे, पण निदान लेख लिहिताना तरी ठेका कोणाचा हे बघायला हवं ना.

सुरुवातीपासून सांगतो. १९९२ साल, कॅलिफोर्नियातलं पोवे म्हणजे सॅन डिएगोजवळचं उपनगर. बेस वाजवणारा आणि गाणारा मार्क हॉपस कॉलेजसाठी सॅन डिएगोला आलेला, त्याच्या बहिणीने त्याची आणि टॉमची ओळख करून दिली, आणि पहिल्याच भेटीत टॉमला इंप्रेस करायला मार्क दिव्याच्या खांबावर चढला आणि पाय दुखावून घेऊन खाली आला. हा किस्सा सगळे सांगतात. पण त्या बँडमध्ये ड्रम्सवर तिसरा एक मुलगा होता तो कोणी सांगत नाही. स्कॉट रेनॉर, तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा. 'चेशायर कॅट' (१९९५) आणि 'ड्यूड रँच' (१९९७) हे पहिले दोन्ही अल्बम त्याच्या हातचे आहेत. त्याचं वाजवणं म्हणजे तेव्हाच्या दक्षिण कॅलिफोर्नियाच्या स्केट पंकची सरळ दुगुन, किक स्नेअर किक स्नेअर (किक म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, स्नेअर म्हणजे काठीने वाजवायचा कडक आवाजाचा), श्वास घ्यायला जागा नाही, आणि त्या वेगावर टॉम आणि मार्क जेमतेम तोल सांभाळत गातायत असं वाटतं. तेच तर त्या दोन अल्बमचं सौंदर्य आहे. 'ड्यूड रँच' मधल्या 'डॅमिट' ची ती सुरुवातीची रिफ, म्हणजे परत परत येणारा गिटारचा तुकडा, मार्कने काही तारा नसलेल्या अकूस्टिक गिटारवर बसवली हे खूप लोकांना माहीत असतं, पण त्या रिफला उतारावरून सोडलेल्या सायकलसारखं पळवतो तो रेनॉर. त्या पोराने वीस वर्षांचं व्हायच्या आत हे करून ठेवलंय हे लक्षात घ्या.

(नावातला १८२ मधेच आला तो आयर्लंडमध्ये ब्लिंक नावाचा आधीच एक बँड होता म्हणून, आकड्याचा अर्थ काय यावर बँडने इतक्या वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्यात की त्यात न पडलेलंच बरं.)

१९९८ मध्ये टूर चालू असतानाच रेनॉर बँडमधून बाहेर पडला आणि सोबत टूरवर असलेल्या ॲक्वाबॅट्स या बँडचा ड्रमर त्याच्या जागी बसला, तो बार्कर. पाऊण तासात वीस गाणी पाठ करून स्टेजवर गेला असं सांगतात. मला त्या पाऊण तासाचं कौतुक आहेच पण त्याहून महत्त्वाचं हे आहे की हा माणूस आला कुठून. बार्कर फोंटानाचा, शाळेत मार्चिंग बँडच्या ड्रमलाइनमध्ये वाजवलेला, शाळेच्या जॅझ बँडमध्ये वाजवलेला. ड्रमलाइन म्हणजे गळ्यात स्नेअर अडकवून दहाबारा जणांनी एका हाताने वाजवल्यासारखं वाजवायचं, एक काठी मागेपुढे झाली तर सगळ्यांना कळतं. तिथं हाताला जी शिस्त लागते, ते छोटे छोटे रोल, डाव्या उजव्या हाताची ती बोलभाषा, ती पंकच्या ड्रमर लोकांकडे सहसा नसते. ते ताकदीवर वाजवतात. आपल्या तबल्यात कसं, नुसता ठेका धरणारा वेगळा आणि ठेक्यातच बोल भरत जाऊन परत बरोबर समेवर येणारा वेगळा, तसा हा फरक आहे.

आणि मग १ जून १९९९ ला आला 'एनिमा ऑफ द स्टेट'. जगभरात दीड कोटीच्या वर कॉपी गेल्या. 'ऑल द स्मॉल थिंग्ज' बिलबोर्डच्या हॉट हंड्रेडवर, म्हणजे अमेरिकेतल्या गाजलेल्या गाण्यांच्या यादीत, सहाव्या नंबरपर्यंत गेलं. तुमच्या लेखात या अल्बमला "गुळगुळीत, कमर्शियल" म्हटलंय. गुळगुळीत आहे, मान्य. ते काम जेरी फिन या प्रोड्युसरचं, ज्याने त्याआधी ग्रीन डेचा 'डूकी' मिक्स केला होता, गिटारचे थरावर थर लावूनही प्रत्येक शब्द कळला पाहिजे हा त्याचा हट्ट. पण एकदा गिटारकडे लक्ष न देता हा अल्बम ऐका. टॉम आणि मार्कची गाणी आधीच्याच साच्यातली आहेत, तीन चार कॉर्ड, तक्रारी, मुली, वात्रटपणा. बदललंय काय तर त्याच्याखालची जमीन. रेनॉरच्या वेळी ड्रम्स गाण्याला पुढे ढकलायचे, आता ड्रम्स गाण्याशी बोलतात. ओळ संपते तिथं स्नेअरवर एक छोटं उत्तर येतं, कोरस सुरू व्हायच्या आधी दोन मात्रांत एक भरणा येतो आणि तो इतका नेमका बसतो की आपण शब्द विसरलो तरी तो भरणा टेबलावर बोटांनी वाजवतो. हजारो पोरांनी हवेत ड्रम्स वाजवायला सुरुवात केली ती इथून. 'ॲडम्स साँग' बद्दल तर मी तासभर बोलू शकतो. टूरवरचा एकटेपणा आणि आत्महत्येच्या विचारांवर मार्कने लिहिलेलं गाणं, अशा गाण्यात ड्रमर आधी गप्प कसा राहतो आणि मग हळूहळू कसा वाढवत नेतो ते ऐकण्यासारखं आहे. विशीतल्या पंक ड्रमरला गप्प राहता येणं ही साधी गोष्ट नाही, मी शिकवतो म्हणून सांगतो, गप्प राहायला शिकवणं सगळ्यात अवघड असतं.

२००१ चा 'टेक ऑफ युअर पँट्स अँड जॅकेट' थेट बिलबोर्डवर एक नंबरला उघडला, पहिल्या आठवड्यात साडेतीन लाख कॉपी. चांगला अल्बम आहे, आईवडिलांच्या घटस्फोटावरचं 'स्टे टुगेदर फॉर द किड्स' त्यात आहे, पण आवाज म्हणाल तर आधीचाच, जास्त पक्का झालेला. त्यावर इथे जास्त लिहीत नाही.

खरा बदल त्यानंतरचा, आणि इथेच तुमच्या लेखाशी माझं सगळ्यात मोठं भांडण आहे. लेखात २००३ च्या अल्बमला, ज्याला नावच नाहीये, "टॉमच्या डोक्यातली उदासी" एवढ्यावर संपवलंय. टॉमला जड, काळोखी संगीत करायचं होतं हे खरंच आहे, त्यासाठीच त्याने बॉक्स कार रेसर हा वेगळा बँड काढला, त्याचा अल्बम २००२ मध्ये आला. पण त्यात ड्रम्सवर कोण होतं? बार्कर. मार्कला बाजूला ठेवल्यासारखं वाटलं आणि तिघांत पहिली खरी चीर पडली ती तिथं. त्याच वर्षी बार्कर ट्रान्सप्लांट्स या आणखी एका बँडमध्ये पण वाजवत होता, तिथं पंक आणि हिपहॉप एकत्र. म्हणजे २००३ साली तिघं परत एका ठिकाणी जमले तेव्हा टॉम एक नवी गोष्ट घेऊन आला होता आणि बार्कर दोन.

त्यांनी सॅन डिएगोकडे एक घर भाड्याने घेतलं आणि तिथं सामान मांडून कामाला लागले, जेरी फिन सोबत होताच. वर्षाचा बराच भाग त्यात गेला. आधी झटपट रेकॉर्ड करून मोकळं होणारा हा बँड एकेका गाण्यावर दिवसच्या दिवस बसला. त्या अल्बमवर प्रत्येक गाण्यात ड्रम्सचा आवाज वेगळा आहे, हे नुसत्या कानांनी पण कळतं, कुठे मोठ्या खोलीतला घुमणारा, कुठे दाबून टाकलेला कोरडा, कुठे मशीनमधून काढल्यासारखा. 'डाउन' मध्ये मधेच गाणं थांबल्यासारखं होतं आणि ड्रम्स जे काय सुटतात ते रॉकचं नाहीच, ते ड्रम अँड बेस या वेगवान इलेक्ट्रॉनिक संगीताचं आहे. 'फीलिंग धिस' मध्ये शेवटी सगळी वाद्यं निघून जातात आणि दोघांचे दोन वेगळे कोरस एकमेकांवर चढतात, तिथपर्यंत पोचवणारा ठेका पंकचा राहिलेलाच नाही.

आणि 'आय मिस यू'. या गाण्याबद्दल लोक टॉमच्या उच्चारांवरून मीम्स करतात, मला त्याचं फार वाईट वाटतं कारण एवढं नाजूक वाजवलेलं गाणं त्या मीम्सच्या खाली गाडलं गेलं. त्यात मार्क इलेक्ट्रिक बेस सोडून उभा अकूस्टिक बेस वाजवतोय, चेलो आहे, आणि बार्करने काठ्या ठेवून ब्रश घेतलेत. ब्रश म्हणजे जॅझवाले वापरतात ते, तारांचे, स्नेअरवर घासून वाजवायचे. ज्या बँडच्या ड्रमरला जग सगळ्यात जोरात वाजवणारा म्हणून ओळखतं त्याने आपल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यांपैकी एकात ड्रमला जेमतेम स्पर्श केलाय, आणि तरी तो ठेका लूपसारखा, म्हणजे एकच तुकडा परत परत लावल्यासारखा, फिरत राहतो, हिपहॉपमध्ये फिरतो तसा. शाळेतला जॅझ आणि ट्रान्सप्लांट्सचा हिपहॉप, दोन्ही एकाच गाण्यात. हे गाणं द क्युअर या इंग्लिश बँडच्या प्रभावातून आलंय हे बँडनेच सांगितलंय, आणि त्याच अल्बमवर द क्युअरचा रॉबर्ट स्मिथ स्वतः एक गाणं गायलाय. मार्कच्या आजोबांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आजीला लिहिलेलं पत्र पण या अल्बमवर वाचलंय. त्याआधी तीनचार वर्षं व्हिडिओत कपडे न घालता रस्त्यावर पळणारा हाच बँड!

मग फेब्रुवारी २००५ मध्ये बँड थांबला. टॉमचा एंजल्स अँड एअरवेव्ह्ज, मार्क आणि ट्रॅव्हिसचा प्लस फॉर्टीफोर असे वेगवेगळे बँड, भांडणं, मुलाखती, ते सगळं तुमच्या लेखात सविस्तर आलंय त्यामुळे मी परत सांगत नाही. २००८ चं वर्ष मात्र लेखात दोन ओळींत संपलंय. ऑगस्टमध्ये जेरी फिन गेला, एकोणचाळीसाव्या वर्षी, मेंदूत रक्तस्राव होऊन. सप्टेंबरमध्ये साउथ कॅरोलिनात कोलंबियाला बार्करचं विमान टेकऑफ करताना कोसळलं, चार जण गेले, तो आणि त्याच्यासोबत कार्यक्रम करणारा डीजे एएम दोघंच वाचले आणि पुढच्या वर्षी डीजे एएम पण गेला. बार्करचं अर्ध्याहून जास्त अंग भाजलेलं, दोन डझनांहून जास्त शस्त्रक्रिया. हा माणूस परत ड्रम्सवर बसेल याची खात्री कोणालाच नव्हती. तीनही मित्र बोलायला लागले ते या अपघातानंतर, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये ग्रॅमीच्या स्टेजवर एकत्र उभे राहिले.

आता इथे मला माझ्याच म्हणण्याच्या विरुद्ध जाणारी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०११ चा 'नेबरहूड्स' मला अजून पण पूर्ण पटत नाही, आणि त्यात ड्रम्स वाईट आहेत म्हणून नाही. ड्रम्स अफाट आहेत, इतक्या मोठ्या अपघातातून उठलेल्या माणसाचे हात आहेत ते. पण अल्बम झाला कसा, तर टॉम सॅन डिएगोला त्याच्या स्टुडिओत, मार्क आणि ट्रॅव्हिस लॉस एंजलिसला, आणि फाइली इकडून तिकडे. फिन नाही, जो मध्ये बसून तिघांचं एक करायचा. ऐकताना सारखं जाणवतं की हे तिघं एकमेकांकडे बघत नाहीयेत, टॉमची गिटार एका अल्बममध्ये आहे आणि ट्रॅव्हिसचा ठेका दुसऱ्या. म्हणजे ठेका कितीही चांगला असला तरी समोरचा सम दाखवणारा डोळा लागतो, तो मेलवर पाठवता येत नाही.

२०१५ मध्ये टॉम परत बाहेर. त्याच्या जागी अल्कलाइन ट्रायो या बँडचा मॅट स्किबा आला आणि २०१६ मध्ये 'कॅलिफोर्निया', २०१९ मध्ये 'नाइन'. जुने फॅन्स या दोन अल्बमना ब्लिंक मानतच नाहीत आणि तुमच्या लेखकाने पण तसंच सुचवलंय. हे अन्यायाचं आहे. 'कॅलिफोर्निया' पंधरा वर्षांनी परत एक नंबरला गेला, ग्रॅमीला नॉमिनेट झाला, आणि स्किबाने कोणाची नक्कल न करता स्वतःच्या आवाजात गाऊन दाखवलं, एवढ्या लोकांच्या शिव्या खात. प्रोड्युसर जॉन फेल्डमनचं सगळं फार चकचकीत आहे, कोरसमागे कोरस, ते मलाही जास्त होतं. पण ऐका, गिटारिस्ट बदलला, अर्धं गाणं बदललं, तरी पहिल्या दहा सेकंदांत ओळखू येतं की हा ब्लिंक आहे, ते कशामुळे? 'नाइन' मध्ये इलेक्ट्रॉनिक बीट्स भरपूर आहेत, त्यावर फॅन्सनी खूप ओरड केली, पण जो ड्रमर वीस वर्षं हिपहॉपवाल्यांबरोबर काम करतोय त्याच्या बँडमध्ये हे येणारच होतं, २००३ मध्येच त्याची पेरणी झाली होती.

२०२१ मध्ये मार्कला स्टेज फोरचा लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) झाला, केमो झाली, त्याच वर्षी सप्टेंबरअखेर तो कॅन्सरमुक्त झाल्याचं त्याने सांगितलं. त्या काळात टॉम आणि तो परत बोलायला लागले, ऑक्टोबर २०२२ मध्ये टॉम परतल्याची घोषणा झाली, एप्रिल २०२३ मध्ये कोचेला या संगीत महोत्सवात तिघं एकत्र वाजले आणि ऑक्टोबरमध्ये 'वन मोर टाइम' आला. लेखात यावर "टॉम परतला आणि जुना आवाज परतला" असं वाक्य आहे. तो अल्बम प्रोड्युस कोणी केलाय? ट्रॅव्हिस बार्करने! फिनच्या खुर्चीत यावेळी तो बसलाय. आणि जुना आवाज परत आलेला नाहीच. त्यांची 'अँथम' नावाची तीन गाणी आहेत, पहिलं १९९९ च्या अल्बमचं शेवटचं गाणं, दुसरं २००१ च्या अल्बमचं पहिलं, तिसरं २०२३ च्या अल्बमचं पहिलं. तिन्ही ओळीने ऐका, तिन्हीवर ड्रमर एकच आहे. पहिल्यात तो या दोघांच्या बँडमध्ये नुकताच आलेला आहे आणि त्यांच्या वेगाने चालतोय. तिसऱ्यात ते दोघं त्याच्या वेगाने चालतायत. आणि 'यू डोन्ट नो व्हॉट यूव्ह गॉट' ऐका, मार्कच्या कॅन्सरवरचं गाणं, त्याची सुरुवातीची गिटार सरळ 'ॲडम्स साँग' ची आठवण करून देते आणि मला दर वेळी घशात आवंढा येतो, कारण तेव्हा एकटेपणावर लिहिणारा तो पोरगा आता पन्नाशीच्या माणसाच्या आवाजात गातोय आणि मागे तोच ड्रमर आहे, तेव्हासारखाच आधी गप्प.

टॉम मोठा नाही असं मला म्हणायचं नाहीये. त्याच्या रिफ नसत्या तर मी गिटार या वाद्याकडे वळून बघितलंच नसतं, आणि त्या दोघांच्या आवाजांची जी कुस्ती आहे ती दुसऱ्या कोणाला जमली नाही. पण पंचवीस तीस वर्षांच्या बँडचा आवाज कसा बदलत गेला यावर अर्धं पान लिहायचं आणि त्यात ठेक्याबद्दल एक वाक्य नाही, हे बरोबर नाही एवढंच.

शेवटी एक दुरुस्ती. लेखाबरोबरच्या फोटोखाली "'डॅमिट' च्या काळातले ब्लिंक-१८२" असं छापलंय. फोटोत टॉम, मार्क आणि बार्कर आहेत. 'डॅमिट' १९९७ चं, बार्कर आला १९९८ मध्ये, 'डॅमिट' वर वाजवलंय स्कॉट रेनॉरने. पुढच्या रविवारी चूकभूल मध्ये दोन ओळी टाकून त्याचं नाव छापाल का?

आपला एक वाचक आणि ड्रमर